सोळा अंशांचा उगम

“‘राहत्या घरात सोळा अंश सेल्सिअस तापमान सर्व वयाच्या व्यक्तींस, आजारी व्यक्तींसह, पुरेसे असल्याचे सिद्ध झाले आहे,’” थोरल्या बहिणीने गृहकार्यालयाचे पत्र दुसऱ्यांदा मोठ्याने वाचले. धाकटी स्टुलावर उभी राहून खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राची घडी सुरीच्या पात्याने कोंबत होती. घडी आत जाईना. तिने ती उलगडली, अग्रलेखाचा अर्धा भाग फाडून टाकला आणि उरलेला पुन्हा दाबला. आता बसला.

“अग्रलेख नेहमी जाडच असतो,” थोरली म्हणाली आणि खोकू लागली.

खोकला आला की तो जाईपर्यंत दोघींचेही काम थांबे. हा बराच वेळ थांबला नाही.

“सिद्ध कोणी केलं?” तो ओसरल्यावर धाकटीने विचारले.

“ते लिहिलेलं नाही.”

“किती माणसांवर?”

“मला काय विचारतेस, बये? मी काय गृहकार्यालयाची आई आहे?”

त्या एका वाक्यावर थोरलीच्या नावाचा अर्ज फेटाळला गेला होता. हीटरचे अर्धे वीजबिल सरकारने भरावे, एवढीच त्यात मागणी होती. धाकटीने उभा जन्म सरकारी अभिलेखागारात काढला होता. कोणता कागद कोणत्या कागदाच्या पोटी जन्मला हे शोधणे हा तिचा पेशा होता. त्यामुळे त्या वाक्याकडे ती संशयित नाण्याकडे सराफाने पाहावे तशी पाहत होती. ‘सिद्ध झाले आहे.’ कोणी केले, ते नाही. ज्या वाक्यात कर्ता नसतो त्याला साक्षीला बोलावता येत नाही, ही सोय कार्यालयांना चांगली ठाऊक असते. ‘सर्व वयाच्या.’ म्हणजे तान्ह्या मुलांनाही कोणीतरी सोळा अंशांत निजवून त्यांचा अभिप्राय घेतला असला पाहिजे. ‘पुरेसे.’ कशाला पुरेसे?

तपासनीस आला होता तो भर दुपारी, स्वयंपाक नुकताच आटोपलेला असताना. त्याने खोलीच्या मधोमध टेबलावर तापमापक ठेवला, चहा संपेपर्यंत थांबला आणि साडेसोळा लिहून गेला. त्याच वेळी पलंगाच्या उशाशी चौदा अंश होते; पण त्याच्या कागदावर पलंगाचा रकाना नव्हता.

दोघींनी करायचे काही बाकी ठेवले नव्हते. मागची खोली बंद केली होती, मधल्या दारावर जुनी रजई खिळ्यांनी ठोकली होती, पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढून गादीखाली पुठ्ठे पसरले होते. ऊन असेतो पडदे उघडे, ऊन सरले की बंद. हीटर सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. मधल्या वेळेला गरम पाण्याच्या दोन पिशव्या. थोरली त्यांना जावई म्हणे, कारण त्या तासाभरात थंड पडत आणि पुन्हा पाहुणचार मागत. एवढे करूनही पारा पंधरा-सोळाच्या आसपास घुटमळत राही. डॉक्टरांनी वीस सांगितले होते. “त्याच्या खाली ही छाती हिवाळा काढणार नाही,” असे ते थोरलीच्या देखतच म्हणाले होते. घरी जमत नसेल तर शुश्रूषागृहात खाट होती. तिथल्या भिंती दिवसरात्र तापलेल्या असत.

“तिथं नेऊन टाकलंस, तर रोज तुला बिनतिकिटाचं बेरंग पत्र पाठवीन,” थोरली आताही म्हणाली. “दंड भरून भरून भिकेला लागशील.”

“शुक्रवारपर्यंत अपील करता येतं. मुद्दा एकच चालतो, आकडा चुकीचा असल्याचा पुरावा.” धाकटी स्टुलावरून उतरली. “मग आकडाच शोधते. कुठंतरी जन्मला असेल ना.”

“बाप सापडला, तर माझ्याकडून दोन शब्द ऐकव.”

“दोनच?”

“सभ्य तेवढेच येतात मला.”

गृहकार्यालयातला कारकून कानटोपी घालूनच बसला होता. त्याच्या टेबलाखालून लालसर उजेड येत होता, आणि धाकटीची नजर तिकडे गेल्याचे त्याने पाहिले.

“साहेबांना बोलू नका, मावशी. घरून आणलाय.”

“का? सोळा अंश पुरत नाहीत?”

“लोकांना पुरतात. मला गुडघे आहेत.”

त्याने पत्र वाचले, ती अभिलेखागारातून निवृत्त झाल्याचे ऐकून मान हलवली आणि मागच्या कपाटातून एक हिरवी पुस्तिका काढली. पत्रातले वाक्य त्या मार्गदर्शिकेतून आले होते. मात्र तिथे ते जरा निराळे होते. ‘सोळा अंशांत दीर्घकाळ काम केलेल्यांचा अनुभव समाधानकारक आहे.’ खाली बारीक अक्षरात काटकसर समितीच्या अहवालाचा दाखला होता, पानासकट.

“अहवाल आहे?”

“आजवर कुणी मागितला नाही. म्हणजे असेलच.”

होता. तीस वर्षांपूर्वीचा, एकदाही पूर्ण न उघडलेला. कारकुनाने पाने सोडवली आणि बोटाने ओळ दाखवली. ‘एका विभागात सोळा अंश तापमान वर्षानुवर्षे राखले जात असून एकाही कर्मचाऱ्याची तक्रार आलेली नाही.’

धाकटीच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग चढला. असा माग लागला की तिची भूक-तहान हरपत असे. तिने तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले.

“बघा. आधी तक्रार आली नाही. मग ते समाधान झालं. मग ते सिद्ध झालं. कुणी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, प्रत्येकानं आधीच्याला थोडा हात लावलाय. स्मशानातूनही तक्रार येत नाही, म्हणून तिथं समाधान नांदतं असं म्हणायचं का?”

“तिथंही सोळाच ठेवत असतील,” कारकून म्हणाला. त्यालाही आता गंमत वाटू लागली होती. “पण हा विभाग कुठला? अशा थंडीत बसून गप्प राहणारी माणसं भेटायला हवीत.”

“माणसं सोडा. ज्यानं ही माहिती पुरवली, त्याला माणूस कशाला म्हणतात तेच ठाऊक नसणार. एकतर मठ्ठ असेल, नाहीतर लबाड.”

कारकुनाने परिशिष्ट काढले. त्याचे बोट नावांच्या यादीवरून खाली सरकत एका जागी थांबले.

“अभिलेखागार. जावक क्रमांक एक्केचाळीस.” त्याने वर पाहिले. “अहो, हे तर तुमचंच ऑफिस! मग काय, घरचंच काम.”

धाकटीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि ओळ स्वतः वाचली.

अभिलेखागाराचा सध्याचा प्रमुख एके काळी तिच्या हाताखाली उमेदवारी करत असे. ती आत येताच तो खुर्चीवरून उठला.

“बाई, तुम्ही? निरोप धाडला असता तर मीच आलो असतो की.”

“एक्केचाळीस क्रमांकाचं टिपण हवंय. काटकसर समितीला गेलेलं.”

ते सापडायला दहा मिनिटेही लागली नाहीत. इथे काहीही सापडायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागू नये, हा नियम तिचाच होता. छापील प्रश्नावली, तीन रकाने, शाईने भरलेले. उभे, सुटे, वळणदार अक्षर. प्रमुखाने ते ओळखले, आणि ओळखले नाही असे दाखवण्याइतका तो सभ्य होता.

दालन: तळघर, जुने दप्तर. किमान पुरेसे तापमान: सोळा अंश. दालनात बसणारे कर्मचारी: निरंक. खाली दप्तराच्या प्रभारी म्हणून तिची सही.

त्या वर्षी अशा किती प्रश्नावल्या तिने भरल्या असतील, याची तिला आठवणही नव्हती. ही मात्र आता शाईच्या वासासकट आठवली.

“कागदांसाठी लिहिलं होतं,” ती म्हणाली. “कागदाला सोळा उत्तम. त्याहून गरम झालं की तो पिवळा पडतो, कडेनं तुटतो.”

“मग झालंच की काम!” प्रमुखाचा आवाज मोकळा झाला. “आणि तिसरा रकाना तर सोन्याहून पिवळा. कर्मचारीच नव्हते, तर तक्रार करणार कोण? समितीनं कागदांचं तापमान माणसांना लावलं. नक्कल जोडा, अपील तुमचं.”

धाकटी टिपणावरून बोट फिरवत राहिली.

“तू तेव्हा तळघराचा जिना उतरायचास ना?”

टेबलावरचे पेपरवेट त्याने उचलून दुसऱ्या जागी ठेवले.

“उतरायचो. पण कागदावर निरंक आहे, बाई. कागद म्हणेल ते खरं, हे तुम्हीच शिकवलंत.” मग हळू आवाजात म्हणाला, “उगाच काही उकरू नका. खोटी माहिती दिली म्हणून चौकशी लागली, तर पेन्शन अडकवतात. जिंकलेलं प्रकरण आहे. तसंच द्या.”

नक्कल घेऊन ती घरी आली तेव्हा संध्याकाळचा हीटर लागायला अजून अर्धा तास होता. थोरली दोन शाली पांघरून पलंगावर बसली होती.

“सापडला का बाप?”

“कागदांसाठीचा आकडा होता. फायलींसाठी. तो माणसांना लावला.”

थोरली हसू लागली. हसण्याचा खोकला झाला आणि खोकल्यातूनही ती हसत राहिली.

“म्हणजे इतकी वर्षं आपल्याला फायलींच्या पंगतीला बसवलं! नशीब, पाठीला दोरा घालून कपाटात नाही ठेवलं. बघू.”

तिने भिंग घेतले आणि नक्कल डोळ्यांजवळ धरली. पहिला रकाना वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्यावर भिंग थांबले, खालच्या सहीवर गेले आणि पुन्हा तिसऱ्यावर आले.

“बरोबर आहे,” ती शेवटी म्हणाली. “मी रोजंदारीवर होते. हजेरीपटावर कुठं होते?”

“ताई, अकरा हिवाळे तू त्या तळघरात फायली शिवल्यास.”

“शिवल्या ना. हातमोजे घालून सुई धरता येत नाही. मग बोटं मधूनमधून काखेत धरायची. एकदा सुईच काखेत गेली होती, आठवतं? तू किती हसलीस!”

“मी निरंक लिहिलं.”

“नाहीतर मला काढलंच असतं. म्हणाले असते, बाईंनी बहिणीला चिकटवलंय. खोटं थोडंच होतं?” तिने नक्कल घडी करून पुढे केली. “तसंच दे. जिंकतेस ना?”

“जिंकते.”

“मग तोंड का असं?”

धाकटीने घडी हातात घेतली, पण उठली नाही. आज सकाळपासून ती फक्त प्रश्न विचारत होती. एक राहिला होता. तो तिने तीस वर्षांत कधी विचारला नव्हता.

“हा खोकला तुला कधी लागला?”

“आता हेही अपिलात घालायचंय का?”

“सांग.”

“तिथंच लागला. तुझं हे टिपण कुठल्या साली गेलं? हां, म्हणजे त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. भिंतीला ओल आली होती बघ, त्या वर्षी.”

“कधी बोलली नाहीस.”

थोरलीने पायाशी पडलेली थंड पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

“तक्रार करायला मी कर्मचारी कुठं होते?” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. “जा, जावयाला गरम कर.”

धाकटीने पाणी तापत ठेवले. ते तापेपर्यंत तिने अपिलाचा कागद स्वयंपाकाच्या ओट्यावरच पसरला. टिपणाच्या नकलेला टाचणी लावली. ‘आकडा चुकीचा असल्याचा पुरावा’ या शीर्षकाखाली चार ओळींची जागा होती. ती पुरली नाही. मजकूर मागच्या पानावर गेला. एकही खाडाखोड न करता, उभ्या, सुट्या, वळणदार अक्षरात तिने लिहिले:

‘सोबतच्या टिपणावरील सही माझी आहे. सोळा अंश हे तापमान मी कागदांसाठी लिहिले होते आणि कागदांसाठी ते बरोबर आहे. तिसऱ्या रकान्यातील निरंक हे उत्तर खोटे आहे, व ते खोटे असल्याचे मला लिहितानाच ठाऊक होते. त्या दालनात त्या वेळी एक बाई पाचवा हिवाळा काढत होती. त्यानंतर तिने तिथे आणखी सहा काढले. तीच प्रस्तुत अर्जदार. सोळा अंश माणसास पुरतात की नाही याचा पुरावा तिच्या छातीत आहे. वैद्यकीय तपासणीस आमची हरकत नाही. तिची रोजी बुडू नये म्हणून मी तिला कागदावरून वगळले, असे मी आजवर स्वतःला सांगत आले. तेही खरे नाही. तिला नोंदवले असते, तर कर्मचारी बसतात म्हणून त्या वेळच्या नियमाप्रमाणे ते दालन वीस अंशांपर्यंत तापवावे लागले असते, आणि माझे कागद खराब झाले असते.’