मांडणी, लांब, नग एक

माणसाने आयुष्यात निदान एका विषयाचा तळ गाठावा, असे सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. स्वतः त्यांनी तो सर्फिंगमध्ये, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येण्याच्या विद्येत गाठला होता. त्यांना पोहता येत नव्हते. समुद्र विद्यापीठापासून रेल्वेने अकरा तासांवर होता.

"सर, ही नेता येणार नाही," भांडारातल्या बाई म्हणाल्या.

सरांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. इंग्रजी विभागाच्या खोलीत टेबल, खुर्ची, दोन कपाटे आणि कपाटांवर आडवी टाकलेली आठ फुटी पिवळी फळी.

"बाई, ही माझी आहे. बायकोने दिलेली."

"वहिनींनी दिली असेल हो. पण हिच्यावर नंबर आहे. वहीत बघा, 'मांडणी, लांब, नग एक'. नऊ वर्षं आहे. आणि खाली सही कोणाची?"

सही सरांचीच होती. विभागप्रमुख या नात्याने, नऊ वेळा. शब्दन् शब्द वाचल्याशिवाय मत देऊ नये, हेही ते पहिल्याच तासाला सांगत.

सर्फिंग करणाऱ्यांची बोली, त्यांची मासिके, त्यांचे रुसवेफुगवे यांवर सरांनी एकतीस वर्षांत चार निबंध लिहिले. पहिल्या दोहोंचा आधार पुढच्या दोहोंत घेतला गेला; घेणारे सरच होते. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला बायकोने कुठून तरी ही फळी मागवली. "अहो, जन्मभर काठावर बसून पाण्यावर भाषणंच ठोकणार का? एकदा उभे राहून दाखवा." फळी घराच्या जिन्यात वळेना, म्हणून विभागात आली. तिच्या पोटाला माशाच्या परासारखा तुकडा होता. त्यामुळे ती कपाटांवर डुगडुगे, म्हणून तो काढला. तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर बसला. फळीवर उत्तरपत्रिका साठल्या. दर सुट्टीत समुद्रावर जायचे ठरे आणि दर सुट्टीत नवे गठ्ठे येत.

गेल्या वर्षी दवाखान्यात बायकोने विचारले होते, "उभे राहिलात का हो?"

"या सुट्टीत नक्की," सर म्हणाले. सुट्टीला नऊ दिवस होते. तिला तेवढे निघाले नाहीत.

"उद्याचं तिकीट आहे, बाई. फळीसकट."

"अर्ज द्या. समिती बसली की सुटेल."

"कधी बसते?"

"मागची बसली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं."

सर खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, वही टेबलावर ठेवली आणि फळीवरचे गठ्ठे उतरवायला घेतले. दोघांनी मिळून फळी खाली घेतली. सर चढले. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकवलेले, तिसऱ्या निबंधात सांगितल्याप्रमाणे. फळी डुलली. बाईंनी कोपराला धरले.

"आता?"

"आता काही नाही. लाट येईपर्यंत थांबायचं असतं."

बाई थांबल्या. खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसत होता. सर तिकडेच बघत होते. बऱ्याच वेळाने बाई हळूच म्हणाल्या, "सर, साडेपाचला मला कुलूप लावावं लागतं."

सर उतरले. फळी परत कपाटांवर गेली, गठ्ठे तिच्यावर. टेबलावरचा तो तुकडा बाईंनी उलटसुलट करून पाहिला. "याला नंबर नाही. हा न्या."

सरांनी तो रुमालात गुंडाळला आणि ते निघाले.

बाईंनी वही उघडली. मांडणीपुढे दरवर्षी त्या 'ठीक' एवढाच शेरा लिहीत. त्या दिवशी लिहिला: 'प्रत्यक्ष तपासली. एका माणसाचे वजन पेलते.'