हसा बघू

हळदीचे व्यापारी नेमिनाथ मगदूम सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडलं. उजवा डोळाही मिटेना. बायको चंदनबालाने त्यांना तडक सांगलीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचवायला सांगितल्या, गाल फुगवायला लावले. उजवी बाजू ढिम्म. मग त्या म्हणाल्या, “आता हसा बघू.”

नेमिनाथांचा चेहरा दोन्हीकडून जागचा हलला नाही.

“डावी बाजूही गेली की काय?” बाई चपापल्या.

“न्हाई वो,” चंदनबाला म्हणाली, “हे लग्नाच्या फोटोतबी हसलं न्हाईत. हसलं की गिऱ्हाईक भाव पाडतंय म्हणत्यात.”

मग नसेची तपासणी सुरू झाली. तुलनेसाठी आधी चांगल्या बाजूला, डाव्या कानाजवळ यंत्राचा बारीक शॉक बसला आणि नेमिनाथांचा डावा गाल टुणकन वर उडाला. तीस वर्षांत न पाहिलेलं ते हसू बघून चंदनबाला पदरात तोंड घालून खुदखुदली. तिला बघून नेमिनाथांनाही आवरेना. शॉक नसतानाच ते डाव्या गालानं खरोखर हसले.

मग उजवीकडं शॉक दिला, तेव्हा त्या गालानंही जरा साथ दिली. “नस जिवंत आहे, औषधानं बरं वाटेल,” म्हणत बाई यंत्र आवरू लागल्या.

चंदनबाला पुढं सरकली. “बाई, आणि एकदा लावा की!”