खुर्चीवरची नऊवारी

"हसू नको गो, दार धर," रुपालीकाकी म्हणाली, म्हणून मी दाराला पाठ लावून उभी राहिले. त्यांच्या दाराची कडी कधीची तुटलीय. आणि समोर हितेंद्रकाका पोपटी नऊवारी घालून निळ्या पिंपावर बसलेले.

पिंप म्हणजे आपलं पाण्याचं, रिकामं, आडवं केलेलं. दोन्ही बाजूंना पाय टाकून, बुलेटवर बसतात ना, अगदी तसं. हँडल म्हणून हातात झाडू. वर शर्ट स्वतःचाच, कॉलरला सेफ्टी पिना, आणि तोंडावर काहीच नाही. म्हणजे एकदम सीरियस.

"मागे ताणतंय काय?" काकी मशीनवरून विचारतेय.

"थांब, खड्डा येऊ दे." काकांनी जागच्या जागी उसळी मारली, पिंप दणाणलं. "नाही, शिवण धरतेय. पण ब्रेक मारला की काष्टा वर चढतोय. बोटभर सैल सोड."

तुम्हाला हे वेड्यासारखं वाटेल, पण काकांना ओळखत असाल तर नाही वाटणार. काका दादरला साडीच्या दुकानात होते, लग्नाच्या आधीपासून. गादीवर उभं राहून साडी स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवायचे. चार झटक्यात निऱ्या, पदर खांद्यावर, की समोरची नवरी आईकडे बघायची आणि विषय संपला. कुणी हसायचं नाही. आमच्या चाळीतल्या अर्ध्या लग्नांचे शालू आधी काकांच्या खांद्यावर जाऊन आलेत. मग मालकाच्या मुलांनी दुकान बंद करून जागा केकवाल्याला दिली आणि काका घरी बसले.

तेव्हा दोघांनी हे सुरू केलं. शिवलेली नऊवारी. पँटसारखी चढवायची, मागे हुक लावायचा, झालं. शिवायला काकी, कापायला काका, आणि इन्स्टावर टाकायला शेजारची मी, नूपुर. पण घालून बघणार कोण? काकीचे गुडघे गेलेत, मी काडी. आणि काका म्हणाले, परक्या बाईला काय सांगायचं, ऊठबस करून दाखव? मग स्वतःच घालायला लागले. दुपारी, वरद कॉलेजला गेला की, पडदे लावून. वरद त्यांचा मुलगा. चाळीत दुपारी दार लावलं तरी बातमी होते, पण निभत होतं.

त्या दिवशीचा पीस आकांक्षाताईंसाठी होता. त्यांचा परळला बायकांचा बाईकचा ग्रुप आहे, पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत निघतो. गेल्या वर्षी कुठूनतरी रेडिमेड घेतलेली एकीची भर रस्त्यात फाटली, कमरेला ओढणी बांधून बिचारी घरी गेली. त्यामुळे ताईंची एकच अट, फाटता कामा नये. पोपटी आवडली तर अख्खा ग्रुप घेणार. नाहीतर काका लोअर परळच्या मॉलमध्ये सिक्युरिटीला लागणार होते. बोलणं झालेलं, फक्त हो म्हणायचं बाकी.

आणि माझा फोन वाजला. ताईंचाच. आता आमच्याकडे रेंज येते फक्त खिडकीत, म्हणून मी दार सोडून खिडकीत गेले. "हॅलो ताई, कुठे आहात?" तर त्या म्हणतात, "अगं भेटला खाली एक मुलगा, त्याच घरातला आहे म्हणे. आलोच."

आणि दार उघडलं.

वरद. मागे त्याचे दोन मित्र. त्यांच्या मागे आकांक्षाताई, हातात हेल्मेट.

काका पिंपावर. उतरायला गेले तर पिंप लोळायला लागलं, म्हणून तसेच बसले. आणि त्यांनी काय केलं, पदर ओढून छातीवर घेतला. घाबरलेली बाई घेते ना, तस्सा. हात आपोआप गेला असणार, इतकी वर्षं तेच केलं त्या हाताने. पण ते बघून मी फिसकन हसले. सगळ्यात आधी मी. मग वरदचे ते दोघं मित्र सुटले.

"काका, एक राउंड होऊन जाऊ दे, राणीबागेपर्यंत!"

"डबलसीट येऊ का?"

वरद हसला नाही. तो एवढंच म्हणाला, "पप्पा, उतरा." आणि मग अगदी हळू, "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

काका उतरले, मोरीच्या पडद्यामागे गेले. हुक मागे असतो, एकट्याला निघत नाही. काकीला उठून जावं लागलं. आम्ही सगळे बाहेर उभे आणि आतून हुक काढल्याचा आवाज.

आकांक्षाताईंनी पिंपाकडे बघितलं, झाडूकडे बघितलं. "शिवण टिकली ना?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. "बाकीच्या शिवायला घ्या मग. शनिवारी येते."

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. खाली पोरं काका दिसले की तोंडाने बुलेटचा आवाज काढायची. दूध आणायला काकी जायला लागली. वरद बाहेर जेवून यायचा आणि गॅलरीत झोपायचा.

दुसऱ्या दिवशी जांभळी तयार झाली. काकी म्हणाली, "घालून बघा."

काकांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि नऊवारी तिच्यावर चढवली. पाठीवर पदर, हातांवर काठ.

"अहो, खुर्ची उकिडवी बसत नाही."

"असू दे."

"असू दे काय? त्या पोरी रस्त्यात..."

"असू दे म्हटलं ना."

वरद कोपऱ्यात मोबाईल बघत होता. मान वर नाही केली.

मी म्हटलं, "काका, मी दार नीट धरते ना या वेळी."

"तुझी परीक्षा आहे ना नूपुर," काका खुर्चीकडे बघतच म्हणाले. "अभ्यास कर जा."

शनिवारी ताई आल्या तेव्हा दार सताड उघडं. सगळ्या नऊवाऱ्या घड्या करून पलंगावर. त्यांनी जांभळी उचलली, शिवण ओढून बघितली.

"ही घालून बघितली?"

काकीने काकांकडे बघितलं. हो म्हणायचं होतं फक्त. मला वाटलं म्हणतील, मीच मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"नाही ताई. खुर्चीवर बघितलीय."

"आणि ती पोपटी?"

काका जमिनीकडे बघून म्हणाले, "ती... बघितलेली आहे."

ताईंनी जांभळी परत ठेवली. "मग मला पोपटी द्या. बाकीचं पोरींना विचारून कळवते."

कळवते म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना कळलं. वरदलाही. तो मोबाईल तसाच हातात धरून बसला होता, स्क्रीन कधीची काळी झालेली. मग उठला आणि ताईंची बाईक काढून देतो म्हणून त्यांच्याबरोबर खाली गेला.

"घडी घालून पाठवतो नूपुरबरोबर," काका मागून म्हणाले.

काकी मोरीत भांडी घासायला बसली. काकांनी पोपटी उचलली. काठ जुळवायला पदर डाव्या खांद्यावर टाकला, दुकानात टाकायचे तसा, आणि तळहात वरून खाली कमरेपर्यंत फिरवत आणला. मध्येच हात थांबला. त्यांनी दाराकडे बघितलं. दारात मीच होते.

मी पटकन तोंड फिरवलं आणि गॅलरीतल्या कपड्यांकडे बघत राहिले, म्हटलं करू दे त्यांना निवांत.

परत वळले तेव्हा पदर खुर्चीच्या पाठीवर होता. काका हातभर लांब उभे राहून, पुढे वाकून, बोटांच्या टोकांनी त्याच्या चुण्या काढत होते.