दाराजवळची फळी

उन्हाळी शिबिरात मी मुलांना सुतारकाम शिकवत असे; मुलं मला आजोबा म्हणायची. दहा दिवसांत प्रत्येकाने एक स्टूल करायचं आणि घरी न्यायचं. पहिल्या दिवशी शिबिराच्या प्रमुख ताई फाटकातच पत्र्याचा डबा घेऊन उभ्या राहायच्या. मुलांनी आपापले फोन त्यात टाकायचे, ते शेवटच्या दिवशी परत. घरी बोलायचं असेल तर संध्याकाळी सहा वाजता कार्यालयातल्या फोनवरून, प्रत्येकी तीन मिनिटं.

"घरी दिवसभर त्या काचेत तोंड घालून बसतात. इथे तरी मान वर होऊ दे," असं ताई म्हणायच्या. मला ते पुरेपूर पटायचं.

त्या वर्षी माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी होती. पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव टकटक ठेवलं, कारण ती कुणाला तोंडाने हाक मारत नसे. बाकावर बोटांनी दोनदा ठोकायची आणि वाट बघायची. काम करता करता मध्येच थांबायची, आणि तिची बोटं आपोआप हवेत हलायला लागायची.

"आजोबा, बघा, टकटक हवेत फोन चालवतेय!"

"रेंज आहे का गं तिकडे?"

पोरं खिदळायची. मीही हसलो होतो, ते कबूल करायला हवं. माझ्या मनाने घेतलं की हिला फोनचं वेड आहे, आणि ते उतरताना बोटं अशी वळवळतात. संध्याकाळी फोनच्या रांगेत ती सगळ्यांच्या मागे उभी असायची. तिची पाळी आली की म्हणायची, "आज नको."

चौथ्या दिवशी बघतो तर बाकीच्यांची स्टुलं आकार घेत होती, आणि हिने चांगली पुरुषभर लांब फळी घेऊन तिच्या दोन टोकांना खालून बोटभर जाडीच्या पट्ट्या ठोकल्या होत्या.

"हे काय? स्टूल असतं का असं?"

"मला हेच करायचंय."

"आणि यावर बसणार कोण? उंदीर?"

पोरं हसली. तिने पट्टीवर आणखी एक खिळा ठोकला. कशासाठी ते मी दोनदा विचारलं, तरी तोंड उघडेना. मला राग आला. "फोन डब्यात टाकलास, त्याबरोबर डोकंही टाकून आलीस वाटतं," असं म्हणून मी करवत घेतली आणि फळी मधोमध कापली. म्हटलं, आता यातून बैठक काढ. तिने दोन्ही तुकडे उचलून भिंतीला लावून ठेवले, आणि त्या दिवशी दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

त्याच संध्याकाळी फोनची रांग संपल्यावर मी लाकडांच्या ढिगामागे गेलो, तर ती तिथे फोन घेऊन बसलेली. डब्यात तिने घरातला एक बंद पडलेला फोन टाकला होता आणि चालू फोन पिशवीत दडवला होता. पडद्यावर एक माणूस भराभर हात हलवत होता. मला वाटलं, नाचाचं नाहीतर विनोदाचं काहीतरी बघतेय. मी फोन हिसकावून घेतला आणि बटण दाबलं.

"आजोबा, एकच मिनिट! त्यांना सांगू तरी द्या—"

"एक क्षणही नाही."

ताई म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा. उद्या हिच्या आत्याला बोलावून घेऊ. घरी जाऊ दे." फॉर्मवर आत्याचाच नंबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर आरडाओरडा झाला. पहारेकरी ओरडत होता, "अहो, थांबा! कुठे निघालात? ऐकू येत नाही का?" एक माणूस थेट सुतारशाळेत घुसला. पहाटेची पहिली बस धरून आलेला, शर्टाच्या बाहीवर छापखान्याची शाई. टकटक आमच्याकडे पाठ करून बसली होती. त्याने हाक मारली नाही. आमच्या लाकडी जमिनीवर त्याने दोनदा पाय आपटला.

तिने झटकन वळून पाहिलं, आणि दोघांचे हात हलू लागले. चार दिवस ज्यांना आम्ही हसत होतो, तीच बोटं. बापाला रोज काय काय सांगायचं, ते ती कामाच्या मध्ये जुळवून ठेवत होती.

ताईंनी विचारलं, "काय म्हणतायत ते?"

"म्हणतायत, पडद्यात कुणाचा तरी मोठा हात आला आणि सगळं काळं झालं. मला काहीतरी झालं असं वाटलं त्यांना." मग ती खाली बघून म्हणाली, "कार्यालयातल्या फोनवर बाबांशी काय बोलणार मी?"

"अगं, मग फॉर्मवर लिहायचं ना!"

"आत्या लिहीत होती. मीच नको म्हटलं. शाळेत सगळे बाबांची नक्कल करतात. इथे दहा दिवस कुणाला कळलं नसतं."

ताईंनी पत्र्याचा डबा आणला. मग तो उघडून तिचा चालू फोन काढला. "रोज सहा वाजता, दहा मिनिटं. माझ्या खोलीत बस. आणि आत्याला मी बोलावत नाही."

पण मुलगी म्हणाली, "मी जाते घरी. फळी कापली गेली."

तेव्हा कुठे तिने सांगितलं. बाप घरी छापखान्याच्या पुस्तकांची शिवण करत दाराकडे पाठ करून बसतो. घरची जमीन दगडी आहे, पाय आपटला तरी कळत नाही. ती शाळेतून येऊन खांद्याला हात लावते, तेव्हा तो दर वेळी दचकतो. एकदा सुई बोटात आरपार गेली होती. फळीचं एक टोक दाराशी आणि दुसरं त्याच्या पायाखाली. ती आत पाऊल टाकेल आणि त्याला कळेल.

मी छातीवर हात ठेवून त्या माणसापुढे मान खाली घातली. मग मुलीला म्हणालो, "एक दिवस दे मला. नाही जमलं तर मी स्वतः तुला घरी पोचवेन."

"जमेल?"

"माहीत नाही. अखंड फळीतून धक्का जातो. जोडातून किती जाईल, सांगता येत नाही."

दोन्ही तुकड्यांची टोकं अर्धी अर्धी खाचली, एकावर एक बसवली, सरस लावून आवळली. खाचांसाठी मी करवत मागितली तेव्हा तिने सरळ तोंडावर सांगितलं, "ती माझ्याकडे राहू द्या. मी कापते."

दुपारी बाप पाठमोरा स्टुलावर बसला, पाय फळीच्या टोकावर. पोरं भिंतीला चिकटून उभी. तिने दुसऱ्या टोकावर पाऊल टाकलं. तो तसाच बसून. मग जोराने पाय आपटला. काहीच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी फळी उलटी केली. जोड मधोमध किंचित हलत होता. त्याच्याखाली सागाची पट्टी ठेवली आणि सहा स्क्रू मारले. शेवटचा स्क्रू पिळताना फळी सरकायला लागली. ज्या पोराने तिला पहिल्यांदा टकटक म्हटलं होतं, ते न सांगता पुढे आलं आणि त्याने फळी घट्ट धरली.

ती पुन्हा टोकाशी गेली. या वेळी पाय आपटला नाही. शाळेतून आल्यावर टाकावं तसं साधं पाऊल टाकलं.

पाठमोऱ्या माणसाने मागे न बघता हात वर केला.