विहिरीचा दोर

वरूडहून अंदमानला निघताना मी पिशवीत दोन गोष्टी घेतल्या, संत्री आणि विहिरीचा दोर. दोन्ही प्राजक्तासाठी. त्या वर्षांत आमच्या भागात रोज कुणा ना कुणा शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी यायची. घरचं माणूस उशिरा परतलं तरी छातीत धस्स व्हायचं. आणि आमच्या एकुलत्या पोरीनं नोकरी धरली ती शार्क मोजायची! पोरीला घेऊनच या, असं बायकोनं, कौशल्यानं, बजावून पाठवलं होतं. मीही परतीची दोन तिकिटं काढली होती.

प्राजक्ता पोहायला शिकली आमच्याच विहिरीत. तिच्या कमरेला दोर, दुसरं टोक काठावर माझ्या हातात. एक झटका म्हणजे बरं आहे, दोन म्हणजे ओढा.

बेटाजवळ होडी थांबली. मी दोर काढला तसा नावाडी हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तोंड फिरवलं. प्राजक्ता हसली नाही. खाली प्रवाळात दोर अडकतो, असं तिनं समजावलं आणि तो माझ्याच कमरेला बांधून दुसरं टोक आपल्या हातात धरलं. मला नुसतं वर तरंगायचं होतं.

"आधी तुमी पाहा, बाबा. मंग मले न्याचं का नाही, ते ठरवा."

लाइफ जॅकेट आणि पाण्यातला चष्मा चढवून उतरलो. खाली एक कासव गवत खात होतं, बांधावर गाय चरावी तसं निवांत. वाळूतून सुपासारखा चपटा पाकट मासा उठला. मग पंखांची टोकं काळी असलेला शार्क आला, जवळपास माझ्याएवढा. त्यानं माझी दखलही घेतली नाही. वळला आणि निघून गेला. मी पाहतच राहिलो.

अचानक कमरेला हिसका बसला. प्राजक्ता मला ओढत होती. होडीत चढलो तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एक झटका तरी द्याचा होता न, बाबा. मी होडीत बसून काय समजू?"

मी साफ विसरलो होतो. पाण्यात मला काहीच झालं नव्हतं. जे झालं ते होडीत दोर धरून बसलेल्या तिला. इतकी वर्षं ते काम मी केलं होतं. मला तिची दया आली आणि खरं सांगतो, फार हलकंही वाटलं.

"जा," मी म्हणालो. "पन वर आली का मले हात दाखव."

ती दोराशिवाय गेली. मी संत्रं सोललं, पण एक फोड तोंडात जाईना. मग लांबवर तिचं डोकं दिसलं, हात वर झाला. मीही हात केला आणि फोड तोंडात टाकली. एक तिकीट रद्द करायचंय, हे कौशल्याला कसं सांगावं, एवढीच आता काळजी उरली होती.