आधीपासूनचे आजार : नाही

आखातातल्या सोहार शहरात, आमच्या खासगी शाळेत मी एकोणतीस वर्षं ग्रंथपाल आहे. मूळचा इजिप्तमधल्या दमनहूरचा. ग्रंथपालाला फारसं काम नसतं, असा प्रत्येक नव्या मुख्याध्यापकांचा समज होतो. माझं अक्षरही बरं आहे. त्यामुळे इजिप्तहून येणाऱ्या शिक्षकांच्या कुटुंबांचे आरोग्य विम्याचे अर्ज भरण्याचं काम एका वर्षी माझ्याकडे आलं, ते कायमचंच. अर्ज इंग्रजीत असतो. मी प्रश्न मोठ्यानं वाचून अरबीत सांगायचा, समोरच्यानं उत्तर द्यायचं, मी लिहायचं आणि शेवटी कुटुंबप्रमुखाची सही. हे सगळं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शिक्षकांच्या खोलीत, सर्वांचं एकाच बैठकीत उरकायचं. चहा असायचा, कुणीतरी गरम ताअमिया, आमच्याकडचे डाळीचे वडे, घेऊन यायचं. यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. किंवा वाटलंही असेल, पण मी बोललो नाही. माझ्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करणं अवघड जातं.

मिदहत गेल्या वर्षी मन्सूराहून गणित शिकवायला आला. बायको नगवा आणि सतरा वर्षांची मुलगी युमना आठवड्यानं यायच्या होत्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो ग्रंथालयात आला.

"विम्याचे अर्ज तुम्हीच भरता ना, वजीहकाका?"

"हो. पुढच्या गुरुवारी."

"सगळ्यांसमोर?"

"तशीच पद्धत आहे," मी म्हणालो.

तो कपाटांकडे वळला. मग कपाटातून घरगुती औषधोपचारांचं जाडजूड पुस्तक काढून कोपऱ्यात बसला. अर्ध्या तासानं ते माझ्या टेबलावर ठेवून, मान हलवून निघून गेला. मी पुस्तक उचललं तर ते आपोआप एका पानावर उघडलं. फेफऱ्याचं प्रकरण होतं. पानात त्याच्या विमानाच्या बोर्डिंग पासचा अर्धा तुकडा राहिला होता, त्यावर त्याचं नाव. दुसऱ्याचं पत्र चुकून वाचल्यासारखं मला ओशाळल्यागत झालं. तुकडा तसाच ठेवून मी पुस्तक मिटलं आणि कपाटात लावलं.

गुरुवारी शिक्षकांची खोली भरली होती. इतिहासाच्या सौसनबाई मधल्या कोचावर बसल्या होत्या. सोहारमधल्या इजिप्शियन घरांतली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली. त्यांच्यासमोर खोकला आला तरी लोक रुमाल तोंडाला लावत.

मी शारीरिक शिक्षणाच्या मास्तरांचा अर्ज घेतला. "काही मानसिक आजार?"

"दहावी ब ला शिकवतो, एवढं लिहा," ते म्हणाले. "डॉक्टरला पुढचं कळेल."

"आणि पाठदुखी लिहा हो," सौसनबाई म्हणाल्या. "कारणाच्या रकान्यात मुख्याध्यापकांचं नाव टाका."

सगळे हसले, मीही हसलो. मग मिदहतची पाळी आली. नगवा त्याच्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. युमना खिडकीपाशी उभी राहून ताअमिया खात होती. थोड्याच वेळापूर्वी सौसनबाईंनी तिला जवळ बोलावून वय विचारलं होतं आणि बंदरावर इंजिनियर असलेल्या आपल्या भाच्याचा विषय नगवाजवळ काढला होता.

मी मधुमेह विचारला, रक्तदाब विचारला. मग तो प्रश्न आला. कुटुंबात कुणाला फिट येणं, बेशुद्ध पडणं, त्यावर कधी उपचार?

नगवानं तोंड उघडलं. तिची नजर कोचाकडे गेली आणि परत आली. "कुणाला नाही हो, देवाची कृपा," ती म्हणाली. "पोरगी तर कशी खणखणीत आहे, बघताय ना."

"माशाल्लाह, माशाल्लाह," सौसनबाई म्हणाल्या.

मी मिदहतकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. मग त्यानं खाली चहाच्या ग्लासाकडे पाहिलं.

त्या अर्जाच्या सातव्या पानावर बारीक अक्षरात एक नियम होता. आजार आधी सांगितला असेल तर सहा महिने थांबून कंपनी त्याचा खर्च उचलणार. लपवला असेल तर आख्ख्या कुटुंबाचा विमा रद्द. बारीक अक्षर वाचायची मला लहानपणापासून खोड. त्या खोलीत तो नियम एकट्या मला माहीत होता. फोटो कमी पडतोय, उद्या ग्रंथालयात आणून द्या, एवढं म्हणून त्यांना एकटं गाठलं असतं तरी पुरलं असतं. असं काहीबाही मला नंतर पुष्कळ सुचलं. त्या वेळी पुढच्या कुटुंबातले लोक खुर्च्या सरकवत होते. मी रकान्यात लिहिलं : नाही. मिदहतनं सही केली.

आल्यापासून आठव्या महिन्यात, परीक्षेच्या जागरणानंतर, युमनाला घराच्या जिन्यावर फिट आली. ती नऊ पायऱ्या खाली पडली आणि डोकं फुटलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा नगवानं पर्स उघडून गोळ्यांची पाकिटं आणि मन्सूराच्या डॉक्टरांचे सहा वर्षांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. आईनं दुसरं काय करायचं होतं? तेच कागद कंपनीकडे गेले. दहा दिवसांत पत्र आलं : माहिती दडवली, विमा रद्द. मुलीच्या मेंदूच्या पुढच्या तपासण्या बाकी होत्या, औषध बदलून तिला दोन महिने देखरेखीखाली ठेवायचं होतं. विमा नसताना ते सोहारमध्ये करणं मिदहतच्या आवाक्यात नव्हतं. फेरविचारासाठी अर्ज करायला एक महिना होता.

मधल्या सुट्टीत मिदहत ग्रंथालयात आला. दाढी वाढलेली, हाताला खडू तसाच.

"काका, एक पत्र द्या. आम्ही तोंडी सांगितलं होतं, तुमच्याकडून लिहायचं राहिलं, असं."

"पण तुम्ही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या चटकन कसं निघालं, याची मला अजून लाज वाटते.

"बायको नाही बोलली. कशी बोलेल? दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. पोरीला जन्मभर घरी बसवायचं का?" तो कपाटाकडे गेला, ते जाड पुस्तक काढून त्यानं माझ्यासमोर टाकलं. ते त्याच पानावर उघडलं. तुकडा जागच्या जागी होता.

"हा राहिला नव्हता, काका. मी ठेवला होता."

मी तो तुकडा बोटानं पानात आत सरकवला.

"शाळेत सगळे म्हणतात, वजीहकाका वाचल्याशिवाय पुस्तक आत ठेवत नाहीत. मला वाटलं, वाचाल, आणि एक दिवस मला बाजूला घ्याल. मला माझ्या तोंडानं सांगणं जमत नव्हतं. तुम्ही विचारलं असतं तर हो म्हणणं जमलं असतं."

"मी वाचलं होतं," मी म्हणालो.

"माहितीये. तुमच्या तोंडावर दिसत होतं त्या दिवशी."

मी पत्र लिहायला घेतलं. माझ्यासारख्याला पत्र लिहिणं सोपं जायला हवं. पहिल्याच मसुद्यात खरं वाक्य उतरलं होतं : मला या आजाराची आधीच कल्पना होती, तरीही मी विचारलं नाही आणि 'नाही' असं लिहिलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मुख्याध्यापक काय म्हणतील? या वयात नोकरी गेली तर मागोमाग इथं राहायचा परवाना जाणार, आणि दमनहूरमध्ये आता माझं कोण आहे? मी शब्द बदलत राहिलो. तीन आठवडे बदलत होतो. मिदहत रोज दारातून बघायचा, विचारायचा नाही. शेवटी जे पत्र गेलं त्यात होतं : प्रश्नोत्तरांच्या वेळी काही त्रुटी राहून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वाक्य निर्दोष होतं. कंपनीनं दोन ओळींत कळवलं की अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही आहे आणि निर्णय कायम आहे.

माझ्या पहिल्या वाक्यानं निकाल बदलला असता का, मला माहीत नाही. ते वाक्य मी पाठवलं नाही, एवढं माहीत आहे.

जूनमध्ये नगवा आणि युमना मन्सूराला परत निघाल्या. तिथे जुने डॉक्टर होते, सरकारी इस्पितळ होतं. इस्पितळासाठी काढलेलं कर्ज फेडायला मिदहतला इथेच राहणं भाग होतं. तीन माणसांचं घर वर्षाच्या आत दोन देशांत विभागलं गेलं. निघायच्या आदल्या दिवशी दोघी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आल्या. युमनाच्या रुमालाखालून टाक्यांच्या व्रणाची कड दिसत होती.

"काका, दोन पुस्तकं उशिरा आहेत," ती म्हणाली. "दंड लावता की डोकं फुटलेल्यांना माफ?"

"माफ," मी म्हणालो. मला तिच्याकडे नीट पाहता आलं नाही. मग मी नगवाला, आमच्या रीतीनं मुलीची आई म्हणून हाक मारत, म्हणालो, "उम्म युमना, मी त्या दिवशी तुम्हाला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं."

"मनाला लावून घेऊ नका, उस्ताद," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं."

मला क्षणभर हलकं वाटलं. ते मी कबूल करतो.

"मी सांगितलं असतं," युमना म्हणाली. "मी तिथेच उभी होते की. मला कुणी विचारलंच नाही."

नगवानं तिचा हात धरला आणि दोघी गेल्या.

या सप्टेंबरमध्ये मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगितलं की अर्ज ग्रंथालयात, एकेका कुटुंबाला वेगळं बसवून भरीन. एवढं बोलायला मला तीन चकरा माराव्या लागल्या. ते म्हणाले, "बरं," आणि फोन उचलला. त्यांनी कारणही विचारलं नाही. सौसनबाईंना राग आला. "आम्ही काय चोर आहोत का? चहा तरी पाठवू की तोही गुपचूप प्यायचाय?" एका नव्या शिक्षकाची बायको तर उठूनच गेली. तिनं नाही म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा विचारलं होतं, आणि ते तिला अपमानाचं वाटलं. मी तिची माफी मागितली. माझं चुकत असेलही. विचारायचं किती आणि थांबायचं कुठे, हे मला अजून कळत नाही.

काल इस्माइलियाचं एक जोडपं बसलं होतं, सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मी आधी मुलालाच विचारलं, तुला काही होतं का रे? त्यानं आईकडे पाहिलं. आईनं उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात मिदहत वह्यांचा गठ्ठा घेऊन चालला होता. एकटा झाल्यापासून तो मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसत नाही. तो थांबला. त्यानं त्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्यानं वह्या एका हातावर घेतल्या आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

मी पेन खाली ठेवलं आणि थांबलो.