नकाराचं दार

तोमासानं दाराला आतून अडसर लावला, घसा खाकरला आणि कान देऊन उभी राहिली. गाणं चौकापर्यंत आलं होतं.

नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी ओआहाकाच्या डोंगरातलं ते गाव मरिया-योसेफाच्या मूर्तींची पालखी खांद्यावर घेऊन निघायचं, दारोदार गात आसरा मागायचं. रोज दोन दारांनी नाही म्हणायचं, तिसऱ्यानं उघडायचं. उघडणाऱ्या घरी जेवणावळ, पोरांना मिठाई आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मूर्तींचा मुक्काम. नकाराच्या घरानं फक्त आतून गायचं, की इथं जागा नाही, पुढं व्हा.

नवरा गेला त्या वर्षी ओब्दुलियानं तोमासाला नकाराचं दार दिलं, ते कायमचंच. "मावशी, एवढ्या माणसांचं रांधणं तुम्हाला कुठलं झेपायला? आवाज खणखणीत आहे तुमचा, तेवढं करा." ओब्दुलिया देवळाची कारभारीण. वाईट नव्हती बिचारी. पण दुसऱ्याला काय झेपेल हे त्याच्याआधी तिला कळायचं. तिच्यापुढं फादरही बोलत नसत.

तेव्हापासून दर वर्षी तोमासा गायची, लोक पुढं जायचे, आणि ती अंधारात एकटी उरायची. मुलगा आबेलिनो कामासाठी सीमेपलीकडे गेला, त्याचे फोन आधी विरळ झाले, मग थांबले. परवा पापनिवेदनाला ती फादरना म्हणालीसुद्धा, "देव विसरला हो मला." फादर म्हणाले, "देव कुणाला विसरत नाही, बाई." मागं रांग होती, त्यांचंही खरंच होतं. ती तशीच घरी आली आणि रडली.

आज दिवसभरात तिच्या उंबऱ्यात शेजारची कोंबडी तेवढी आली होती.

दारावर थाप पडली. बाहेर देल्फिनो सुतार योसेफाच्या वतीनं गात होता. बायको अवघडलेली आहे, दमलीय, एका रात्रीपुरतं आत घ्या. चढ चढून त्यालाही दम लागला होता, सूर मध्येच तुटत होता.

तोमासानं तोंड उघडलं. पहिला शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडला.

कुणी येत नाही, देव विसरला म्हणून रडतेस, आणि मग हा कोण? नाही म्हटलं, हाकललं, तरी वर्षाच्या वर्षाला याच दारात उभा राहतोय. बाहेर थाप पुन्हा पडली.

तिनं अडसर काढला.

गाणं जागच्या जागी थांबलं. मेणबत्त्यांच्या उजेडात सगळं गाव तिच्याकडे बघत राहिलं.

"अहो मावशी, चुकलात!" ओब्दुलिया गर्दीतून पुढं घुसली. "तुमचं नकाराचं दार!"

"ठाऊक आहे मला."

"आज उघडायचं ते सेफेरिनानं. तिच्याकडे मक्याच्या पिठाचे तमाल वाफेवर आहेत. सगळं तयार आहे तिकडे!"

"मग जा की खायला. मी कुणाला धरून ठेवलंय? या दोघांना आत येऊ द्या."

"अहो, पण रीत आहे काही!"

"काय रीत आहे? दार उघडलं की आत यायचं. उघडलंय मी."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. देल्फिनोनं खांदा बदलला, एकदा ओब्दुलियाकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे.

"बाई, मी दिवसभर करवत चालवून आलोय," तो ओब्दुलियाला म्हणाला. "आसरा मागायला आलो, मिळाला. आता नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

दार अरुंद, पालखी आडवी करूनच आत घ्यावी लागली. टेबलावर तोमासाचं रात्रीचं जेवण झाकलेलं होतं, ते तिनं चुलीच्या कट्ट्यावर सरकवलं. मूर्ती टेबलावर बसल्या. लोकांनी आत डोकावून क्रूसाची खूण केली आणि भुकेली पोरं घेऊन सेफेरिनाच्या घराकडे वळले. आग्रह ओब्दुलियानं केला, नाही असं नाही.

"चला तुम्ही पण जेवायला."

"पाहुणे घरात टाकून कुठं येऊ?"

"उद्या संध्याकाळी मूर्ती न्यायला येतो आम्ही," एवढं बोलून ओब्दुलियाही गेली.

घर पुन्हा गप्प झालं. तोमासा मूर्तींसमोर बसली. देवाला विचारायचं पुष्कळ साठलं होतं. आबेलिनोचं, गुडघ्यांचं, या एवढ्या वर्षांचं. पण मरियेच्या चेहऱ्यावर रस्त्याची धूळ बसली होती. ती शालीच्या टोकानं पुसता पुसता तोमासाचेच डोळे वाहायला लागले आणि विचारायचं राहून गेलं.

मग ती उठली. पाहुण्यांपुढं गार घेवडा कसा ठेवायचा? तिनं चूल फुंकली, घेवडा गरम केला, एकीचा तिघांना पुरवला. एक वाडगा योसेफापुढं, एक मरियेपुढं, एक आपल्याला. बसता बसता ती थांबली, आपल्या वाडग्यातला निम्मा घेवडा मरियेच्या वाडग्यात ओतला.

"घे गं," ती म्हणाली. "तुला दोन जिवांचं खायचंय."